गुलाबांसाठी ठेवलेली दारू

१

व्हर्ना स्कोगस्टाड मेली ती हरणांच्या हंगामाच्या पहिल्या सकाळी, आणि टॅमरॅक गावाने दुपारच्या जेवणाआधी गुन्हेगार ठरवूनही टाकला. असल्या बाबतीत गावाला उशीर खपत नाही. म्हाताऱ्या आल्विनने बायकोसाठी घरी भरलेल्या काडतुसात चुकून दोनदा दारू ओतली, रायफल तिच्या तोंडाशी फुटली, संपला विषय. पेट्रोल पंपावर तेच, बारमध्ये तेच, चर्चच्या तळघरात हॅम सँडविच कापणाऱ्या बायकांतही तेच. विसरभोळ्या माणसाच्या हाती बंदुकीची दारू द्यावीच कशाला, एवढी पुस्ती जो तो आपल्या पदरची जोडत होता.

मार्लिस कुबियाक शेरीफच्या कचेरीत तपासाचं काम करायची. पन्नाशी ओलांडलेली, तोंडाने फटकळ, आणि दुःखात असलेल्या माणसाला प्रश्न विचारताना आवाज मऊ करायची सवय तिला कधीच लागली नव्हती. शेरीफने तिला स्कोगस्टाडांच्या शेतावर पाठवलं ते केवळ सही करायला. अपघात म्हणून लिही आणि परत ये, असं त्याने फोनवर सांगितलं होतं.

स्वयंपाकघरात आल्विन खुर्चीत बसला होता. अंगावर अजून नारिंगी जाकीट, बुटांखाली वितळलेल्या बर्फाचं थारोळं. ओट्याशी त्याचा मुलगा कर्टिस कॉफी ओतत होता आणि सून जॅनेल कुणाला तरी फोनवर हळू आवाजात खबर देत होती. कर्टिस लहान असताना त्याचे आईबाप नाचायला गेले की त्याला सांभाळायला शाळकरी मार्लिस यायची. त्यामुळे तो तिच्याकडे बघून घरच्यासारखा हसला.

"बाबांना जास्त विचारू नकोस," तो म्हणाला. "काय झालं ते उघड आहे. मी आईला वर्षभर सांगत होतो. पुढच्या आठवड्यात न्यायाधीशांपुढे तारीख आहे, माहीत आहे ना? बाबांना स्वतःचं भान राहिलेलं नाही, तेव्हा त्यांचा कारभार माझ्याकडे द्या, असा अर्ज आहे माझा. आई एकटीच विरोधात उभी राहणार होती. म्हणे, यांचं डोकं शाबूत आहे."

"आणि आता?"

"आता काय. बघतेच आहेस."

आल्विनने मान वर केली. त्याचे डोळे कोरडे होते. "तू हेलनची मुलगी ना?" त्याने विचारलं.

"हेलनची मुलगी, मार्लिस."

"मार्लिस. मला एक सांगशील? हे म्हणतात ते खरं का? मीच मारलं का तिला?" तो थांबला. "मला आठवत नाही ग. बाकी काही नको. तेवढं शोधून सांग, म्हणजे मला कळेल मी कोण आहे ते."

मार्लिसने मनातल्या मनात शेरीफला एक शिवी हासडली. आता नुसती सही करून परतणं शक्य नव्हतं.

व्हर्नाच्या जाकिटात उरलेल्या काडतुसांची डबी होती. पितळी पुंगळ्या ओळीने मांडलेल्या, आणि प्रत्येकीच्या बुडावर नखपॉलिशचा जांभळा ठिपका. हे काडतूस कमी दणक्याचं, नेहमीच्या जोरकस काडतुसांत मिसळू नका, एवढ्यासाठी तो ठिपका. मग तिने पडवीत चादरीवर ठेवलेली फुटकी रायफल पाहिली. लाकूड चिरफाळलं होतं, पोलाद उमललं होतं, आणि बोल्टच्या, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याच्या, तोंडात फुटक्या पुंगळीचं बूड अडकून राहिलं होतं. मार्लिसने ते चिमट्याने सोडवून उजेडात धरलं.

त्याच्यावरचा ठिपका लाल होता.

२

"खाली चला," ती आल्विनला म्हणाली. "तुमचा बाक दाखवा."

त्या भागात हिवाळा लांब आणि करमणूक थोडी. निम्मी घरं तळघरात काडतुसं भरतात. रिकामी पुंगळी घ्यायची, दारू मोजून घालायची, वरून गोळी दाबून बसवायची. कुणी चार पैसे वाचवायला करतं, कुणी नेम सुधारायला. आल्विन करायचा तो अलीकडे फक्त व्हर्नासाठी. तिच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून तिला रायफलचा दणका सोसेना, आणि हंगाम चुकवायला ती तयार नव्हती. तेव्हा हा थोड्या दारूची, हळू लाथ मारणारी काडतुसं करून द्यायचा, आणि ती वरच्या खोलीत बसून त्यांच्यावर नखपॉलिशचे ठिपके द्यायची. चाळीस वर्षांच्या संसारात दोघांनी मिळून केलेली ही एकच गोष्ट, असं व्हर्ना चारचौघांत म्हणायची. आल्विन त्यावर हूं म्हणायचा.

जिना उतरताना म्हाताऱ्याने दोनदा विचारलं की व्हर्ना रानातून आली का. दोन्ही वेळा मार्लिसने सांगितलं की ती गेली, आणि दोन्ही वेळा त्याचा चेहरा पहिल्यांदाच ऐकल्यासारखा पडला. बाकापाशी पोचल्यावर मात्र तो सरळ उभा राहिला. बाक पुसलेला, हत्यारं जागच्या जागी, आणि दारूचं माप, म्हणजे मोजून ओतायचं उभट यंत्र, रिकामं, काच लखलखीत.

"मापात दारू ठेवून जात नाही तुम्ही?"

"कोण ठेवतो? माप डागाळतं. शिवाय उद्या आलो तर कोणती दारू होती ते कसं कळायचं?" तो तिच्याकडे जरा कीव आल्यासारखा बघत होता. "काम झालं की डब्यात परत. झाकण लावायचं. बाकावर एका वेळी एकच डबा."

"आणि डबा एकच दिसतोय."

"तिच्या खांद्यापासून घरात दुसरी दारू आणलीच नाही."

मार्लिसने झाकण काढून पाहिलं. हलकी, फुगीर, कोंड्यासारखी दारू होती. "हीच का पण? दुकानात बरण्यांची रांग लागलेली असते."

"ही गुणी आहे. जड दारू थोडी घातली तर पुंगळीच्या तळाशी कुठेतरी पडून राहते, दिसत नाही. ही थोडीच घाला, पुंगळी निम्म्यावर भरलेली दिसते. डोकावून बघायचं, मगच गोळी." त्याच्या बोटांनी हवेतच एक पुंगळी उचलली, दिव्याखाली तिरकी धरली आणि ठेवली. "सांडली तर ती पुन्हा डब्यात जात नाही. कागदावर गोळा करायची. व्हर्ना गुलाबांना घालते. म्हणते, खतापेक्षा बरी."

खिडकीच्या कट्ट्यावर जांभळ्या नखपॉलिशची बाटली होती. लाल कुठे गेलं, असं तिने विचारलं.

"वाळलं गेल्या उन्हाळ्यात. मग हे काहीतरी वांग्याच्या रंगाचं आणलंन. मी म्हटलं, हरणं हसतील. मला म्हणते, हरणाला बूड दिसतं का?" तो स्वतःशीच हसला.

मार्लिसला तिथेच थांबता आलं असतं. तिने खिशातून कागदाची पुडी काढली आणि फुटक्या पुंगळीचं बूड त्याच्या तळहातावर ठेवलं. "रायफलमधून निघालं हे."

आल्विनने चष्मा कपाळावर सारून ते डोळ्यांजवळ नेलं. मग त्याने मूठ मिटली, आणि वरच्या मजल्यावर कर्टिसच्या पावलांचा आवाज येत होता तिकडे मान उचलून पाहिलं.

"माझंच आहे," तो म्हणाला. "गेल्या वर्षीचं राहिलं असेल डबीत. माझ्या हातून दोनदा ओतली गेली. आता आठवलं."

सकाळपासून ज्याला काहीच आठवत नव्हतं, त्याला हे एवढं स्वच्छ आठवलं होतं. मार्लिसने त्याच्या मुठीतून ते बूड सोडवून घेतलं. बोटं उघडायला तिला जोर लावावा लागला.

३

शेजारचा गॉर्डी फ्लूगर म्हणजे आल्विनचा जन्माचा दोस्त, आणि गेल्या वसंतापासून जन्माचा वैरी. भांडण कशावरून, तर गॉर्डीने बारमध्ये व्हर्नाच्या काडतुसांना बायकी म्हटलं. आल्विनने त्याच्या मांडीवर बीअर ओतली. तेव्हापासून दोन्ही घरांमधल्या पायवाटेवर गवत वाढलं होतं.

व्हर्नाच्या मयताच्या दुसऱ्या दिवशी मार्लिस गॉर्डीच्या शेडमध्ये गेली. आत उकिरडा होता. तो जुन्या घोडेस्वारांसारखी टोपी घालून पिस्तुलाने लोखंडी पाट्या पाडायच्या स्पर्धांना जायचा, आणि त्यासाठी लागणारी झटकन जळणारी, जड, बारीक दारू त्याच्या फळीवर नेहमी असायची. मार्लिसने तो डबा उचलून त्याच्यासमोर आपटला.

"ही पुंगळीत किती दिसते, गॉर्डी? रायफलच्या?"

"दिसते काय. तळाला जाऊन बसते." मग त्याच्या लक्षात आलं की ती काय विचारतेय. तो शेजारच्या खोक्यावर बसला. "तू माझ्यावर येऊ नकोस हं. व्हर्नाला मी मारीन?"

"आल्विनला कमीपणा यावा म्हणून काहीतरी करशील. बारमध्ये तेच करत होतास."

"बोलणं वेगळं. बोलायला काय लागतं." त्याने डबा तिच्या हाताजवळून दूर सरकवला. "मार्लिस, ती बाई मला दर रविवारी ॲपल पाय भाजून आणून द्यायची. भांडण झाल्यावरसुद्धा. मागल्या कुंपणातून. म्हणायची, त्याला सांगू नकोस. शेवटच्या रविवारी आली तर नखं जांभळी. म्हटलं, म्हातारपणी काय हे. तर म्हणते, माझी काडतुसंही जांभळी आहेत या वर्षी, एकाच बाटलीतली."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"मला आणि तिला. आणि त्या गाढवाला."

मार्लिस शेडभर फिरली. गॉर्डीच्या पसाऱ्यात एक गोष्ट तिला बोचली. त्याचं दारूचं माप जुनंच होतं, पण त्याच्या प्लॅस्टिकवर तपकिरी, धुरकट डाग चढला होता, ताजा. तिने नखाने खरवडून पाहिलं, निघेना.

"हे काय? तूही रात्रभर दारू ठेवायला लागलास?"

गॉर्डीने मान वळवली. ती त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि काही न बोलता थांबली. माणसाला बोलतं करायची तिची हीच एक रीत होती, आणि ती फार क्वचित वाया जायची.

"मी बहिणीकडे गेलो होतो," तो शेवटी म्हणाला. "ऑक्टोबरात. परत आलो तर माप अर्धं भरलेलं. मी ठेवत नाही, मला आळशी म्हण पण ते नाही. किल्ली दारामागे खिळ्याला असते, सगळ्यांना ठाऊक आहे."

"आणि हे तू आज सांगतोयस."

"रायफल फुटल्याचं त्याच दिवशी कळलं. मला वाटलं, माझी दारू, माझं यंत्र, आणि माझं त्याच्याशी वाकडं. कोण विश्वास ठेवणार? म्हणून गप्प बसलो." त्याने तोंड पुसलं. "तिच्या मयताला जाऊन केक खाल्ला मी. एक शब्द बोललो नाही."

"चांगला होता का केक?" मार्लिसने विचारलं आणि ती बाहेर पडली. गाडीत बसल्यावर तिला आपलंच बोलणं जरा जास्त वाटलं. पण परत जाऊन सांगण्याइतकं नाही.

४

कर्टिस आणि जॅनेल तळ्याकाठच्या नव्या घरात राहत. कर्टिस जमिनींचे व्यवहार करायचा, आणि तळ्याकाठी विकण्याजोगी एकच मोठी जमीन उरली होती, ती बापाची. कारभार हाती आला की ती विकता येणार होती. हे तो लपवत नव्हता.

"लपवायचं काय त्यात?" जॅनेल म्हणाली. ती डब्यातला मका-बटाट्याचा भाजलेला गोळा ताटात वाढत होती, शोकाच्या घरी लोक आणून देतात तो. "आम्ही त्यांच्यासाठी खोलीसुद्धा बघून ठेवली आहे, वृद्धांच्या त्या नव्या केंद्रात. खिडकीतून गाड्या उभ्या करायची जागा दिसते. त्यांना गाड्या आवडतात."

"त्यांना विचारलंत?"

"विचारून काय, संध्याकाळी विसरतात."

मार्लिसने ताट बाजूला सरकवलं. "कर्टिस, तुझ्या आईच्या काडतुसांवर ती ठिपके द्यायची, आठवतंय?"

"न आठवायला काय झालं. लाल. सगळी बोटं लाल करून बसायची."

"या वर्षी गेला होतास त्या बाकाकडे?"

"बाकाकडे? लहानपणापासून नाही. मला तो प्रकारच आवडत नाही. बाबा पुंगळीपुंगळीवर प्रवचन द्यायचे. ही दारू का, ती का नको. मी एका कानाने ऐकायचो." त्याने दुसऱ्या कानाकडे बोट दाखवलं आणि हसला. "हंगामाच्या आधीच्या रविवारी जेवायला गेलो होतो, तेवढंच. आईचं जाकीट दाराशी टांगलेलं होतं, मला आठवतंय, कारण ती म्हणाली, या वर्षी शिंगवाला पाडणार."

मग त्याचा आवाज फुटला आणि तो खरोखर रडला. ते रडणं खोटं नव्हतं, हे मार्लिसला दिसत होतं. आईसाठी रडणारा मुलगा आणि आईला मारणारा मुलगा, दोघे एकाच कातडीत बसू शकतात, हे तिने या नोकरीत आधीही पाहिलं होतं.

तिच्यापाशी आता एक ठिपका होता, एक डाग होता आणि एक टांगलेलं जाकीट होतं. वकील या तिन्हींची एका दुपारी वाट लावील. लाल ठिपका गेल्या वर्षीचा, डाग गॉर्डीच्या आळसाचा, आणि म्हातारा तर स्वतःच म्हणतोय की आपली चूक झाली.

ती कचेरीत पोचली तेव्हा शेरीफ दारातच उभा होता. "तुझं काम संपलं," तो म्हणाला. "आल्विन आलाय. चालत आलाय, एवढ्या बर्फातून. म्हणतो, चूक नव्हती. म्हणतो, मी जाणूनबुजून मारलं तिला."

५

आल्विन बाकड्यावर बसला होता, टोपी गुडघ्यावर. त्याने सगळं पाठ केलं होतं. व्हर्नाचा कंटाळा आला होता, काडतूस मुद्दाम भरलं, मला तुरुंगात टाका, आणि पोराला काही विचारू नका, त्याला यातलं काही ठाऊक नाही. शेवटचं वाक्य त्याने इतक्यांदा म्हटलं की शेरीफलाही ते खटकायला हवं होतं. शेरीफला ते खटकलं नाही.

"चूक म्हणत होतात, ती का बदलली?" मार्लिसने विचारलं.

"तू चूक मानेनास. दिसत होतं मला. म्हटलं, हिला मोठं काहीतरी द्यायला हवं."

तिला त्या क्षणी त्याच्याविषयी फार वाटलं. या माणसाला दिवस कोणता ते सांगता येत नव्हतं, पण एक ठिपका बघून मुलाला ओळखण्याइतका तो शाबूत होता, आणि त्याला वाचवायला स्वतःचं नाव मातीत घालायला निघाला होता. वाद सोडावा, कबुली घ्यावी आणि त्याच्या मनासारखं होऊ द्यावं, असं तिला वाटून गेलं. पण त्याने तिला विचारलं होतं की मी कोण आहे ते सांग, आणि व्हर्नाच्या तोंडाचं जे झालं होतं ते तिने पाहिलं होतं.

म्हाताऱ्याला खुनी म्हणवून घ्यायला लाज वाटत नव्हती. त्याला कशाची लाज वाटेल, हे तिला आता ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सगळ्यांना त्याच्या तळघरात उभं केलं. कर्टिस, जॅनेल, गॉर्डी. शेरीफ जिन्याच्या पायरीवर बसला, घड्याळ बघत.

"एवढं दाखवा," ती आल्विनला म्हणाली. "कसं भरलंत ते काडतूस. मग मी लिहून घेते आणि तुम्हाला घेऊन जाते."

"दाखवायचं काय. दोनदा ओतली."

"म्हणजे घाणेरडं काम केलंत. गॉर्डी म्हणतोच, तुमचा बाक म्हणजे सगळा देखावा आहे. आल्विनला कोणती दारू कशात घालायची याची अक्कल कधीच नव्हती, म्हणतो. दुकानदाराने दिली ती आणली. बायको मेली तेव्हा लोकांना कळलं."

गॉर्डीने तोंड उघडलं. मार्लिसने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ते मिटलं.

"म्हणाला असा?" आल्विनने विचारलं.

"गाव म्हणतंय. हात थरथरतो, डोळा चुकतो, दोनदा पडलं तरी दिसत नाही. असल्या माणसाने बायकोच्या तोंडाशी जाणारी वस्तू बनवायची म्हणजे."

"बाबा, काही करू नका," कर्टिस म्हणाला. "हिला अधिकार नाही." पण बापाने डब्याचं झाकण उघडलं होतं.

त्याचे हात थरथरत नव्हते. त्याने पुंगळी घेतली, दिव्याखाली धरून आत पाहिलं, उभी केली. मापाने दारू ओतली. पुंगळी निम्म्याहून वर भरली. मग त्याने ताठ मानेने दुसरं माप ओतलं, आणि ती फुगीर, हलकी दारू पुंगळीच्या काठावरून उतू जाऊन बाकावर पसरली. गोळी बसवायला जागाच नव्हती.

"बघ," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता, तरुण झाला होता. "बघ म्हणावं त्या गॉर्डीला. म्हणून मी ही निवडली. साऱ्या दुकानातून हीच. दोनदा पडली तर सांडते, आंधळ्यालाही कळतं. व्हर्नासाठी भरायचं होतं, मी काय कुठलीही आणीन? माझ्या बाकावर दोनदा भरलेलं काडतूस होऊच शकत नाही. या वर्षी नाही, गेल्या वर्षी नाही, कधीच..."

तो थांबला. सांडलेल्या दारूकडे बघत राहिला. आपण काय बोललो ते त्याला हळूहळू कळत गेलं, आणि ते कळताना सगळ्यांना दिसलं. जॅनेलने नवऱ्याच्या दंडावरचा हात काढून घेतला.

"नाही होऊ शकत," मार्लिस म्हणाली. "तेव्हा ते काडतूस या बाकावरचं नव्हतं. गॉर्डीच्या शेडमध्ये झालं ते, त्याच्या पिस्तुलाच्या जड दारूने. करणाऱ्याने मापात दारू तशीच ठेवली, कारण माप रिकामं करायला त्याला शिकवलं होतं तेव्हा तो ऐकत नव्हता. त्याने बुडावर ठिपकाही दिला, लाल, कारण त्याच्या आठवणीतली आई लाल नखांची होती. या वर्षी ती जांभळी झाली हे गॉर्डीला माहीत होतं, आल्विनला माहीत होतं. वर्षभरात आईच्या हातांकडे ज्याने पाहिलं नाही त्याला तेवढं माहीत नव्हतं. आणि काडतूस तिच्या डबीत सरकवायला रविवारी जाकीट दाराशी होतं, हे तूच मला सांगितलंस, कर्टिस."

कर्टिस भिंतीला टेकला. तो नाकारील असं तिला वाटलं होतं. पण तो बापाकडे बघत होता.

"मरायची नव्हती ती," तो म्हणाला. "बोल्ट अडकला असता, फार तर गाल भाजला असता. न्यायाधीशांना दाखवायला काहीतरी हवं होतं. ती ऐकतच नव्हती. प्रत्येक वेळी, यांचं डोकं शाबूत आहे, यांचं डोकं शाबूत आहे. म्हटलं, एकदा तिच्याच हातात यांची चूक फुटू दे, म्हणजे गप्प बसेल."

"कोणती घातलीस?" आल्विनने विचारलं. जणू शेजारी कोणी नव्हतंच.

"गॉर्डीची. पिस्तुलाची. पिस्तुलाची म्हणजे कमी जोराची असणार, असं वाटलं मला."

"किती?"

"पुंगळीत फार दिसेना. म्हणून आणखी घातली."

म्हाताऱ्याने डोळे मिटले. "ती रायफलला दुप्पट घातक. सगळ्यांत आधी तेच सांगितलं होतं तुला. या बाकाशी उभं करून, स्टुलावर चढवून. तुला पोचत नव्हतं तेव्हा."

"मी ऐकत नव्हतो, बाबा."

"हो. खिडकीबाहेर बघत होतास."

६

शेरीफने कर्टिसला वर नेलं. जॅनेल त्यांच्या मागे गेली, पण शेरीफच्या गाडीमागे न जाता आपल्या गाडीत बसली, आणि तळ्याच्या उलट दिशेने निघून गेली. गॉर्डी आल्विनच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे झाला, पण ठेवावा की नाही ते त्याला ठरवता येईना. मग तो तसाच कोपऱ्यात उभा राहिला.

आल्विनने बाक आवरायला घेतला. पुंगळीतली दारू कागदावर ओतली. सांडलेली हाताच्या कडेने गोळा केली, कण न् कण, बाकाच्या फटीतलेसुद्धा. डब्याला झाकण लावलं. माप पुसलं. कागदाची घडी घालून तो जिन्यापाशी गेला आणि वर तोंड करून, रोजच्या आवाजात हाक मारली.

"व्हर्ना, गुलाबांना आहे ग थोडी. घेऊन जातेस?"

गॉर्डीने भिंतीकडे तोंड फिरवलं.

म्हातारा थोडा वेळ वाट बघत उभा राहिला. मग त्याने मार्लिसकडे पाहिलं. तिला ओळखायला त्याला वेळ लागला. "तू हेलनची मुलगी ना? व्हर्ना कुठे आहे?"

"व्हर्ना गेली, आल्विन," मार्लिस म्हणाली. "रायफल फुटली."

त्याचा चेहरा पडला, तिसऱ्यांदा, पहिल्यांदाच ऐकल्यासारखा. मग त्याने आपल्या हातांकडे पाहिलं, आणि फार हळू विचारलं, "मी भरलेल्या काडतुसाने?"

"नाही. तुमच्या काडतुसाने नाही. तुमचं काम चोख होतं."

त्याने श्वास सोडला. तोंडावरचा ताण गेला, आणि क्षणभर तो जवळजवळ सुखी दिसला. मार्लिसने एवढ्या लोकांना एवढं काय काय सांगितलं होतं, पण असं तोंड करून तिचं कोणी ऐकलं नव्हतं.

"मग बरं," तो म्हणाला. "कर्टिसला कळवलं पाहिजे. आईवर फार जीव त्याचा." आणि मग, "पण मग कोणाच्या काडतुसाने?"

तिने हात पुढे केला. "द्या तो कागद. गुलाबांना मी घालते."

त्याने तो दोन्ही हातांनी दिला, सांडू नये म्हणून. ती जिना चढली. मागच्या अंगणात गुलाब पोत्यांत गुंडाळून बर्फाखाली निजवले होते, व्हर्नानेच, नुकतेच. मार्लिसने एका बुंध्याशी बूट टेकून बर्फ उकरलं आणि ती फुगीर, हलकी दारू मातीवर झटकली. तळघराच्या खिडकीची काच जमिनीलगत होती. आतून त्याचा आवाज येत होता. मग कोणाच्या काडतुसाने, असं तो आता गॉर्डीला विचारत होता, आणि गॉर्डी पुसलेलं माप पुन्हा पुसत होता.